ट्रामच्या थांब्यावरचीं आठ माणसें

‘मी, ओल्गा हेप्नारोवा’ या नांवाचा एक झेक चित्रपट २०१६ सालीं बर्लिनच्या चित्रपटमहोत्सवांत दाखविण्यांत आला. पेत्र काझ्दा व तोमाश वाइनरेब या दोघां दिग्दर्शकांची ही पहिलीच मोठी कथाकृति. चित्रपट कृष्णधवल आहे. त्यांत मनोरंजनाचें म्हणून कांहींहि नाहीं. आणि विषय तर असा कीं, नुसता ऐकूनच पुष्कळांनीं मान फिरवावी. १० जुलै १९७३ रोजीं बावीस वर्षांच्या एका मुलीनें प्राग शहरांत ट्रामची वाट पहात उभ्या असलेल्या अनोळखी माणसांच्या अंगावर जाणूनबुजून मालमोटार घातली. त्यांत आठ माणसें मेलीं. पुढें तिला फांशी झाली. एवढीच ही हकीकत.

अशा हकीकतीला वाङ्मयाच्या मासिकांत जागा कां द्यावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर चित्रपटाच्या नांवांतच आहे. हें नांव दिग्दर्शकांच्या कल्पनेंतून निघालेलें नव्हे. त्या मुलीनें कृत्यापूर्वीं जें पत्र लिहून ठेवलें होतें, त्यांतल्या एका वाक्याचा तो आरंभ आहे. न्यायाधीश जसा निकालपत्रांत बोलतो, तशी ती त्या वाक्यांत बोलते. स्वतःचें नांव घेते, आणि सर्व जगाला देहान्ताची शिक्षा फर्मावते. म्हणजे आपली कथा कोणत्या शब्दांनीं सुरू व्हावी हें खुनी व्यक्तीनें आधींच ठरविलें, आणि त्रेचाळीस वर्षांनीं ती कथा त्याच शब्दांनीं सुरू झाली. हें कितपत योग्य झालें, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ओल्गाचा जन्म ३० जून १९५१ रोजीं प्राग येथें झाला. वडील एका बँकेंत नोकरीला होते; आई दंतवैद्य होती. आपण ज्याला पांढरपेशा म्हणतों त्या वर्गांतलें, पोटापाण्याची ददात नसलेलें असें हें घर. गुन्हेगाराचें चरित्र वाचावयास घेतलें कीं दारिद्र्य, दारू, अनाथपण अशीं कारणें आपण संवयीनें शोधूं लागतों. येथें त्यांपैकीं एकहि हातीं लागत नाहीं. तरीहि ही मुलगी घरांत एकटी होती, शाळेंत एकटी होती, आणि १९६४ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, औषधाच्या गोळ्या खाऊन तिनें जीव देण्याचा प्रयत्न केला. तेथून तिची रवानगी दक्षिण बोहेमियांतील ओपार्झानी येथील मानसिक रुग्णालयांत झाली.

चित्रपटाचा आरंभ याच प्रसंगानें होतो. गोळ्या घेऊनहि मुलगी वांचली आहे. आणि आई तिला शांतपणें सांगते कीं, आत्महत्येला मनाचें जें बळ लागतें तें तुझ्यापाशीं नाहीं, हें तूं एकदां मान्य करून टाक. या बोलण्यांत राग नाहीं, आकांत नाहीं. रोग्याला निदान सांगावें तसें तें सांगितलेलें आहे. प्रत्यक्षांत आई असें बोलली असेल वा नसेल. पण मायेचा अभाव दाखविण्यासाठीं मारझोडीची गरज नसते, हें दिग्दर्शकांनीं येथें बरोबर ओळखलें आहे. आईचें काम क्लारा मेलिश्कोवा या नटीनें केलें आहे. तिला, आणि ओल्गाची भूमिका करणाऱ्या मिखालीना ओल्शान्स्का या पोलिश नटीला, त्या वर्षींचा ‘झेक सिंह’ हा सन्मान मिळाला. तो यथार्थ होय. ओल्शान्स्काची ओल्गा खांदे पाडून चालते, सिगारेटमागून सिगारेट ओढते, आणि समोरच्याकडे खालून वर असें पहाते कीं, पहाणाऱ्यालाच अपराध्यासारखें वाटावें.

रुग्णालयांतून सुटल्यावर ओल्गा पुस्तकबांधणीचें काम शिकली, निरनिराळ्या नोकऱ्या तिनें केल्या, आणि शेवटीं ती मालमोटार हांकूं लागली. प्रागच्या बाहेर ओलेश्को या गांवीं एका लहानशा झोंपडीवजा घरांत ती कांहीं काळ एकटी राहिली. तिचें मन स्त्रियांकडे ओढ घेई. झेकोस्लोव्हाकियाच्या कायद्यानें १९६१ च्या दंडसंहितेंत प्रौढांमधील अशा संबंधांना अपराधांच्या यादींतून वगळलें होतें; परंतु कायद्यानें वगळलें तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेनें वगळलें होतें, असें नव्हे. चित्रपटांत या मुलीचीं प्रेमप्रकरणें येतात तीं सुखाचीं म्हणून येत नाहींत. दार थोडें उघडतें आणि पुन्हां बंद होतें, इतकाच त्यांचा अर्थ.

या ठिकाणीं काळाचाहि थोडा विचार केला पाहिजे. ऑगस्ट १९६८ मध्यें सोव्हिएत रशिया व त्याच्या मित्रराष्ट्रांच्या फौजा रणगाड्यांसह झेकोस्लोव्हाकियांत शिरल्या, तेव्हां ओल्गा सतरा वर्षांची होती. १६ जानेवारी १९६९ रोजीं यान पालाख नांवाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें प्रागच्या व्हात्स्लाव चौकांत स्वतःला पेटवून घेतलें, तेव्हां तीहि त्याच शहराची रहिवासी होती. पुढें एप्रिल महिन्यांत गुस्ताव हुसाक यांच्या हातीं पक्षाचीं सूत्रें आलीं, आणि सरकारी भाषेंत ज्याला ‘सर्व कांहीं पूर्ववत् करणें’ म्हणत तो काळ सुरू झाला. माणसांनीं घरांत बसावें, शेजाऱ्यापाशीं मन मोकळें करूं नये, सभेंत हात वर करावा आणि सुटीच्या दिवशीं खेड्यांतल्या झोंपडींत जाऊन भाजीपाला लावावा, असा तो काळ होता.

ओल्गाला या राजवटीचें अपत्य ठरविणें सोपें आहे, आणि पुष्कळांना तसा मोह होतो. परंतु तो मोह आवरला पाहिजे. तिच्या पत्रांत राजकारण नाहीं. तिचा दावा सरकारविरुद्ध नसून माणसांविरुद्ध आहे: घरच्या माणसांविरुद्ध, शाळासोबत्यांविरुद्ध, रस्त्यांत हंसणाऱ्या अनोळखी लोकांविरुद्ध. स्वतःसाठीं तिनें ‘प्रूगेलक्नाबे’ हा जर्मन शब्द वापरला आहे. दुसऱ्याच्या अपराधाबद्दल फटके खाण्यासाठीं ठेवलेला पोर, असा त्याचा अर्थ. पालाख आणि ओल्गा यांच्यांत अवघ्या साडेचार वर्षांचें अंतर आहे. दोघेंहि तरुण, दोघेंहि निराश, दोघांनींहि मृत्यूच्या द्वारें जगाला कांहीं सांगूं पाहिलें. पण एकानें जगासाठीं स्वतःला जाळलें, तर दुसरीनें स्वतःसाठीं जगाला चिरडलें. काळ एकच होता; त्यांतून निघालेले मार्ग दोन होते. तेव्हां सर्व दोष काळाच्या माथीं मारून इतिहासकाराला मोकळें होतां येत नाहीं.

आतां त्या दिवसाकडे वळूं. व्हल्टाव्हा नदीच्या उत्तरतीरावर लेत्ना नांवाची टेकडी आहे. तेथून एक हमरस्ता उतरत उतरत श्त्रोसमायर चौकांत येतो. चौकांत सेंट अँथनीचें दोन मनोऱ्यांचें देऊळ आहे आणि ट्रामगाड्यांची सदोदित वर्दळ असते. ओल्गानें ही जागा सहज निवडली नव्हती. रस्ता उताराचा असल्यामुळें मोटारीला वेग येतो, हें चालक या नात्यानें तिला ठाऊक होतें. तिनें भाड्यानें एक ‘प्रागा’ बनावटीची मालमोटार घेतली. दुपारीं ती प्रथम त्या थांब्यावरून नुसती निघून गेली; कारण थांब्यावर पुरेशीं माणसें नव्हतीं. वळसा घालून ती पुन्हां आली. आतां तेथें सुमारें पंचवीस माणसें उभीं होतीं. तिनें गाडी पादचाऱ्यांच्या वाटेवर चढविली.

तीन माणसें जागींच ठार झालीं, तीन त्याच दिवशीं मेलीं, आणि दोन पुढें थोड्या दिवसांनीं. बाराजण जखमी झाले. मेलेलीं आठहि माणसें ६० ते ७९ वर्षांच्या वयाचीं होतीं. जमलेल्या लोकांना प्रथम वाटलें कीं, गाडीचा ब्रेक निकामी झाला असावा. ते चालक मुलीच्या मदतीला धांवले. तेव्हां तिनें सांगितलें कीं, हा अपघात नव्हे, हें मीं मुद्दाम केलें आहे. या सबंध हकीकतींत मनाला सर्वांत अधिक चटका लावणारी गोष्ट हीच. जें जग आपला द्वेष करतें असें मानून तिनें त्याच्यावर गाडी घातली, त्या जगाची पहिली प्रेरणा तिला सांवरण्याची होती. तिच्या फिर्यादीला याहून सडेतोड उत्तर दुसरें कोणतें असणार? आणि तें उत्तर समजण्याची शक्ति तिच्यांत उरली नव्हती, याहून मोठें दुर्दैव तें कोणतें?

पत्र तिनें दोन वृत्तपत्रांच्या नांवें टपालांत टाकलें होतें. टपाल सावकाश चालत असल्यानें तें दोन दिवसांनीं पोंचलें. पत्रांतला युक्तिवाद थोडक्यांत असा: माझ्यापुढें दोन मार्ग आहेत. मुकाट्यानें मरावें, तर माझ्याकडे कोणी ढुंकूनहि पहाणार नाहीं. कोणीएक मुलगी मेली, एवढेंच होईल. त्यापेक्षां सूड घेऊन मरावें, म्हणजे जगाला माझी दखल घ्यावी लागेल. दुसरा मार्ग तिनें पत्करला. हा युक्तिवाद वेड्याचा वाटत नाहीं. त्यांत कार्यकारणभाव आहे, मांडणी आहे, एक प्रकारचा थंड हिशेब आहे. ज्या एका गोष्टीचा हिशेब त्यांत नाहीं ती म्हणजे थांब्यावर उभें राहिलेलें माणूस. तें तिच्या लेखीं ‘जग’ होतें. कोणाची आई, कोणाचा आजा, बाजारहाट करून घरीं निघालेलें कोणी म्हातारें माणूस, असें तें नव्हतेंच.

खटला १९७४ सालीं चालला. तज्ज्ञांनीं तिला तपासून असा अभिप्राय दिला कीं, कृत्य करतांना तिला त्याचें पूर्ण भान होतें व ती त्याबद्दल जबाबदार आहे. या निदानाविषयीं पुढें मतभेद झाले. ती खरोखरच मनोरुग्ण होती असें मानणारे लोक आजहि आहेत. तिनें न्यायालयांत पश्चात्ताप दाखविला नाहीं. ६ एप्रिल १९७४ रोजीं तिला देहान्ताची शिक्षा सुनावण्यांत आली, वरिष्ठ न्यायालयानें ती कायम केली, आणि पंतप्रधान लुबोमीर श्त्रौगाल यांनीं दया दाखविण्यास नकार दिला. १२ मार्च १९७५ रोजीं प्रागच्या पान्क्राट्स तुरुंगांत तिला फांशी देण्यांत आलें. तेव्हां ती तेवीस वर्षांची होती. झेकोस्लोव्हाकियांत फांशी गेलेली ती शेवटची स्त्री. तिच्या अखेरच्या क्षणांविषयीं परस्परविरुद्ध गोष्टी सांगतात. कोणी म्हणतात ती शांतपणें गेली, कोणी म्हणतात तिला ओढून न्यावें लागलें. १९९० सालीं त्या देशानें देहान्ताची शिक्षाच रद्द केली.

या निकालाकडे पाहिलें म्हणजे एक विचित्र गोष्ट लक्षांत येते. ओल्गाला मरण हवें होतें. तेराव्या वर्षींच तिनें तें शोधलें होतें. आठ माणसें मारून तिनें तें सरकारकडे मागितलें आणि सरकारनें तें दिलें. शिक्षा म्हणून जें देण्यांत आलें तें वस्तुतः तिच्या बेताचें शेवटचें कलम होतें. आठ कुटुंबांचा शोक रास्त होता. त्यांचा सन्तापहि रास्त होता. पण दंड देणाऱ्यानें दंडिताचीच इच्छा पुरी करावी, आणि त्याला न्याय म्हणावें, यांत कोठें तरी गफलत आहे खास.

आपल्या महाभारतांत सौप्तिकपर्व आहे. पित्याच्या वधानें पेटलेला अश्वत्थामा रात्रीच्या वेळीं पांडवांच्या शिबिरांत शिरतो, आणि निजलेल्या, निःशस्त्र माणसांची कत्तल करतो. त्याचीहि फिर्याद खोटी नव्हती. द्रोणांना कपटानेंच मारलें होतें. पण फिर्याद खरी असली म्हणून झोंपलेल्या मुलांचे गळे कापण्याचा अधिकार मिळत नाहीं. व्यासांनीं त्याला कोणती शिक्षा दिली पहा. त्याला मारलें नाहीं. त्याच्या मस्तकावरचा मणि काढून घेतला, आणि तीन हजार वर्षें एकट्यानें, कोणाशींहि न बोलतां, भटकत रहाण्याचा शाप त्याला मिळाला. जखमेवर घालावयास तेल मागत तो दारोदार फिरतो, अशी आपल्याकडे लोकांची समजूत आहे. मरण हें अशा माणसाला सुटका वाटेल, हें त्या महाकवीनें जाणलें होतें. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्यांनीं अश्वत्थाम्याची कथा द्रौपदीच्या शोकावांचून सांगितली नाहीं. मारणाऱ्याचें दुःख आणि मेलेल्यांच्या आईचें दुःख हीं दोन्ही एकाच पर्वांत, एकमेकांसमोर उभीं आहेत.

आमच्या मतें या झेक चित्रपटाची थोरवी आणि त्याची उणीव या दोहोंचें माप येथें मिळतें. थोरवी ही कीं, तो ओल्गाला साध्वी करीत नाहीं आणि राक्षसीहि करीत नाहीं. तिच्या छळाच्या बदल्यांत तो आपले अश्रू मागत नाहीं. चिरडण्याचा प्रसंग रंगवून आपलें कुतूहलहि भागवीत नाहीं. तो फक्त इतकें दाखवितो कीं, ही मुलगी अनेकांच्या डोळ्यांदेखत, नऊ वर्षें, एक एक पाऊल टाकीत त्या चौकाकडे चालली होती. उणीव ही कीं, मेलेल्यांच्या घरांत तो पाऊल टाकीत नाहीं. ज्या पुस्तकाच्या आधारें तो रचला, त्या रोमान त्सीलेक यांच्या २००१ सालच्या पुस्तकाच्या नांवांत निदान त्या आठांची संख्या तरी आहे. ‘आठ मृतांबद्दल गळफांस’ असा त्याचा अर्थ होतो. चित्रपटाच्या नांवांत केवळ ‘मी’ उरला आहे. तीं माणसें ओल्गाला दिसलीं नाहींत, म्हणून तीं प्रेक्षकांनाहि दिसूं नयेत, हें कलेच्या दृष्टीनें सुसंगत असेल. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र तें अपुरें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग अशा व्यक्तीचें नांवच घेऊं नये. हा उपायहि जुनाच आहे. ख्रिस्तपूर्व ३५६ मध्यें एफेसस नगरांतलें आर्टेमिस देवीचें जगद्विख्यात मंदिर हेरोस्त्रातस नांवाच्या माणसानें केवळ प्रसिद्धीसाठीं जाळलें. नगरवासीयांनीं ठराव केला कीं, याचें नांव कोणी उच्चारूं नये. परंतु थिओपोम्पस या इतिहासकारानें तें लिहून ठेवलें, आणि आज मंदिर उरलें नाहीं, तरी जाळणाऱ्याचें नांव उरलें आहे. बंदीनें नांव मरत नाहीं, हा एक धडा. दुसरा असा कीं, नांव पुसल्यानें कारणें पुसलीं जात नाहींत. गोळ्या खाल्लेल्या तेरा वर्षांच्या मुलीची गोष्ट आपण सांगितलीच नाहीं, तर तसलें दुसरें मूल आपल्या घरांत, आपल्या शाळेंत बसलेलें असतांना आपण त्याला कसें ओळखणार? समजून घेणें म्हणजे क्षमा करणें नव्हे. समजून घेतल्यावांचून मात्र पुढचा अनर्थ टाळतां येत नाहीं. म्हणून ओल्गाची कथा सांगितलीच पाहिजे. फक्त ती तिनें ठरविलेल्या रीतीनें, तिच्या एकटीच्या शब्दांत सांगतां कामा नये.

प्राग शहरानें यावर नकळत एक तोड काढली आहे. ज्या हमरस्त्यावर हें हत्याकांड झालें त्याचें नांव १९७३ सालीं ‘शांतिरक्षकांचा मार्ग’ असें होतें. राज्यक्रान्तीनंतर तें बदलून मिलादा होराकोवा या स्त्रीचें नांव त्याला देण्यांत आलें. होराकोवाबाई कायदेपंडित होत्या, लोकसभेच्या सभासद होत्या. हिटलरशाहीच्या काळांत त्यांनीं तुरुंगवास भोगला, आणि पुढें कम्युनिस्ट राजवटीनें खोटा खटला रचून २७ जून १९५० रोजीं त्यांना फांशी दिलें, तेंहि त्याच पान्क्राट्स तुरुंगांत. आइन्स्टाइन आणि चर्चिल यांच्यासारख्यांनीं त्यांच्यासाठीं रदबदली केली, ती फुकट गेली. शेवटच्या रात्रीं त्यांनीं आपल्या माणसांना पत्रें लिहिलीं. त्यांत सूडाची भाषा नव्हती. आपल्या मुलीनें जगावर प्रेम करावें, अशी इच्छा होती. तीं पत्रें त्या मुलीच्या हातीं पडावयास १९९० साल उजाडावें लागलें.

एकाच तुरुंगांत फांशी गेलेल्या या दोन स्त्रिया. एकीचें द्वेषाचें पत्र दोन दिवसांत पोंचलें. दुसरीच्या प्रेमाच्या पत्राला चाळीस वर्षें लागलीं. एकीनें जगाला मरणाची शिक्षा फर्मावली; दुसरीला जगानें ती अन्यायानें दिली, आणि तरी तिनें जगाला शाप दिला नाहीं. आज त्या उताराच्या रस्त्यावर पाटी आहे ती दुसरीच्या नांवाची.

ट्राम अजूनहि त्या चौकांत थांबते. म्हातारीं माणसें हातांत पिशव्या घेऊन तेथें उभीं असतात. १० जुलै १९७३ रोजीं तशींच आठ माणसें तेथें उभीं होतीं. कोणत्याहि चित्रपटाला त्यांचें नांव मिळालें नाहीं. ओल्गाची कथा जो कोणी सांगेल वा ऐकेल, त्यानें ती संपतांना क्षणभर त्या थांब्यावर जाऊन उभें रहावें, आणि चालकाच्या जागेवरून नव्हे, तर त्या आठांच्या जागेवरून त्या उताराकडे एकदां पहावें. एवढें केलें, तरच ही कथा सांगण्याचा व ऐकण्याचा अधिकार आपल्याला पोंचतो.